बँजोचा माग काढत: ब्लूग्रास आणि कंट्री-रॉक ऐकायला कुठून घ्यावं?

ईगल्स म्हटलं की आपल्याकडे 'हॉटेल कॅलिफोर्निया', आणि विषय संपला. कॉलेजच्या गॅदरिंगला, हॉस्टेलच्या गच्चीवर, ज्याला म्हणून गिटार धरता येते त्याने ते एकदा तरी वाजवलेलं असतं. पण याच बँडचा १९७२ सालचा पहिला अल्बम लावून बघा. पहिलंच गाणं 'टेक इट इझी'. गाणं अर्ध्यावर आलं की गिटारांच्या मागून भराभर टणटणणारं एक वाद्य आत शिरतं. तो बँजो, आणि वाजवणारा बर्नी लेडन. 'हॉटेल कॅलिफोर्निया' १९७६ साली आला तेव्हा लेडन बँड सोडून गेला होता, आणि त्याच्याबरोबर ईगल्समधला बँजोही गेला. रॉक बँडमध्ये मुळात बँजो आला कुठून, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हा लेख आहे.

'मरण्याआधी ऐकायलाच हवेत' छापाच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यांची अडचण अशी की त्या पन्नास अल्बम एका रांगेत उभे करतात आणि कोण कुणाचा कोण, ते सांगत नाहीत. या संगीतात तर नातीगोती कळली की अर्धं काम होतं. वादक मोजके. तीच माणसं या बँडमधून त्या बँडमध्ये जातात, भांडतात, पुन्हा एकत्र येतात. म्हणून शैलीचं नाव बाजूला ठेवा आणि माणसाचं नाव धरा. कव्हरच्या मागे कोण काय वाजवतंय ते वाचायचं आणि त्या नावाच्या मागे जायचं. या लेखातली शिफारस त्याच पद्धतीने केली आहे.

आधी बँजोबद्दल एक खुलासा. गणपतीच्या मिरवणुकीत 'बेंजो पार्टी'चं जे वाद्य असतं, ते बुलबुलतरंगाच्या घराण्यातलं. इथला बँजो वेगळा: गोल कातड्याचं तोंड, लांब मान, पाच तारा. त्यातली पाचवी तार आखूड असते, मानेच्या मध्यावरच्या खुंटीपासून सुरू होते आणि बहुतेक वेळ एकच उंच सूर धरून राहते. हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत आलं.

दुसरा खुलासा ब्लूग्रासबद्दल. डोंगरदऱ्यांतलं शेकडो वर्षांचं लोकसंगीत अशी त्याची ओळख सर्रास करून दिली जाते. त्यातल्या काही चाली खरंच जुन्या आहेत, पण शैली म्हणून ब्लूग्रास बिबॉप जॅझच्या वयाचं, म्हणजे १९४०च्या दशकातलं आहे. रेडिओ आणि मायक्रोफोन नसते तर ते जन्मालाच आलं नसतं. त्याचा कर्ता एक माणूस आहे, असं म्हणण्याइतपत ते अर्वाचीन आहे.

तो माणूस बिल मन्रो. जन्म १९११, केंटकी राज्यातलं रोझीन गाव. आईवडील लवकर गेले. पेन व्हँडिव्हर नावाच्या फिडल वाजवणाऱ्या मामाकडे तो राहिला. गावच्या नाचगाण्यांत आर्नोल्ड शुल्ट्झ नावाच्या कृष्णवर्णीय गिटारवादकाला त्याने साथ केली. शुल्ट्झचा ब्लूज आपल्या संगीतात आहे, हे मन्रो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. केंटकीचं टोपणनाव 'ब्लूग्रास स्टेट', म्हणून बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज. १९३९ साली नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या शनिवार रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात त्याला जागा मिळाली. पण आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो नाद जुळून आला तो डिसेंबर १९४५ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातला एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन बँडमध्ये आला तेव्हा.

स्क्रग्जने नेमकं काय केलं? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींना नख्या लावून तो तारा आळीपाळीने छेडायचा. त्याला 'रोल' म्हणतात. आठ स्वरांचा एक घास, पण तीन बोटांमुळे त्याचे तुकडे पडतात तीन-तीन-दोन असे. चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर ही तिरकी वाटणी सतत घसरत राहते, आणि ते पळतं, उसळतं वजन तिथूनच येतं. तीन बोटांनी बँजो वाजवणारे त्या भागात आधीही होते. एवढ्या वेगात इतका स्वच्छ आणि गाण्याची चाल हातातून न सोडता वाजवणारा मात्र कुणी नव्हता.

आता बाकीचा बँड. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात. दुहेरी बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, आणि मंडोलिन दुसऱ्या-चौथ्यावर. मन्रो तारा दाबून लगेच बोटं सैल सोडायचा, त्यामुळे सूर न उमटता नुसता 'चक्' असा आवाज येतो. त्याचं नाव 'चॉप', आणि भजनात टाळ जे काम करतो तेच काम तो इथे करतो. गिटार मधली पोकळी भरते. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवायची रीत निराळी. एकेकाने पुढे येऊन चाल फिरवायची आणि मागे सरायचं. त्या काळी सगळ्यांत मिळून एकच माइक असायचा, त्यामुळे पुढे कोण आणि कधी, याच्या हालचाली बसवलेल्या असत. आजही काही बँड हट्टाने एकाच माइकवर वाजवतात, आणि ते बघण्यात वेगळीच मजा आहे. वर गाणं: मुख्य आवाज मधल्या पट्टीत आणि त्याच्या डोक्यावर चढलेला मन्रोचा टिपेचा आवाज. त्या आवाजाला 'हाय लोनसम' हे विशेषण कायमचं चिकटलं. वेग आनंदी, शब्द बहुधा मरणाचे, घर सुटल्याचे, देवाचे. हा विरोधाभास एकदा कानात बसला की सुटत नाही.

मन्रोची १९२३ सालची गिब्सन मंडोलिन फ्लोरिडातल्या एका केशकर्तनालयात विकायला ठेवलेली त्याला दिसली आणि त्याने ती १५० डॉलरला घेतली. १९८५ साली कुणीतरी घरात घुसून तिचा चुरा केला. गिब्सनच्या कारागिरांनी कपच्या जोडून ती पुन्हा उभी केली आणि मन्रो तीच वाजवत राहिला.

आता अल्बम. इथे एक गोम आहे, जी याद्या करणारे सांगत नाहीत. ब्लूग्रासच्या पहिल्या बहराच्या काळात 'अल्बम' हा प्रकारच नव्हता. एका बाजूला एक गाणं, अशा ७८ आरपीएमच्या तबकड्या निघत. त्यामुळे मन्रो, स्क्रग्ज, गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइझ आणि बासवर हॉवर्ड वॉट्स या सर्वोत्तम संचाचा 'क्लासिक अल्बम' शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. त्यांनी १९४६ आणि १९४७ साली कोलंबिया कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांचे नंतरचे संग्रहच घ्यावे लागतात. संग्रह कुठलाही चालेल, साल तेवढं तपासा. मन्रोने हीच गाणी पुढे अनेकदा पुन्हा मुद्रित केली, आणि १९६० नंतरची आवृत्ती ऐकून 'यात काय एवढं' असं म्हणणारे बरेच भेटतात.

त्याच संग्रहात 'ब्लू मून ऑफ केंटकी' ऐका. संथ, तीन मात्रांचं वॉल्ट्झ. जुलै १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीने आपल्या पहिल्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तेच गाणं चार मात्रांत, उडत्या चालीत म्हटलं. मन्रो रागावला नाही. त्याच वर्षी त्याने ते पुन्हा मुद्रित केलं: सुरुवात जुन्या वॉल्ट्झमध्ये, आणि मध्येच गाडी सुसाट चार मात्रांवर. ब्लूग्रास आणि रॉक यांची देवघेव १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या पोरांनी सुरू केली, असं वाचायला मिळतं, तेव्हा ही तबकडी आठवावी.

१९४८ साली फ्लॅट आणि स्क्रग्ज मन्रोला सोडून गेले आणि त्यांनी फॉगी माउंटन बॉइज हा बँड काढला. मन्रो वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. या जोडीचा 'फॉगी माउंटन जँबोरी' (१९५७) हा माझ्या मते ब्लूग्रासमधला पहिला खराखुरा ऐकण्याजोगा अल्बम. तोही बऱ्याच अंशी आधीच निघालेल्या सुट्या गाण्यांचा, पण अनुक्रम इतका नेमका लागलाय की कळत नाही. पहिलीच रचना 'फ्लिंट हिल स्पेशल'. फ्लिंट हिल ही स्क्रग्जची वाडी. यात तार वाजत असतानाच सूर खाली जातो आणि परत वर येतो. ऐकताना वाटतं तबकडीच घसरली. स्क्रग्ज वाजवता वाजवता चक्क खुंटी पिळत होता. नेमक्या जागी थांबावी म्हणून त्याने खुंटीला खास यंत्रणा बसवून घेतली. आज 'स्क्रग्ज ट्यूनर' विकत मिळतात. याच अल्बमवर डोब्रो आहे, जॉश ग्रेव्हजच्या हातची. डोब्रो म्हणजे पोटात धातूची तबकडी असलेली, आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची गिटार. आणि 'रँडी लिन रॅग' नावाची छोटी रचना आहे, स्क्रग्जने आपल्या मुलाच्या नावाने बांधलेली. हे नाव लक्षात ठेवा.

या पिढीतले आणखी दोन. स्टॅनली ब्रदर्सची १९४९ ते १९५२ या काळातली कोलंबियाची ध्वनिमुद्रणं. व्हर्जिनियाचे हे दोन भाऊ मन्रोइतके चपळ नाहीत, पण त्यांचं गाणं ऐकून अंगावर काटा येतो. धाकटा राल्फ म्हणजेच 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या २००० सालच्या कोएन बंधूंच्या चित्रपटात वाद्यांशिवाय 'ओ डेथ' म्हणणारा म्हातारा आवाज. आणि हेझल डिकन्स व ॲलिस जेरार्ड यांचा १९६५ सालचा 'हूज दॅट नॉकिंग?'. हेझल वेस्ट व्हर्जिनियाच्या, कोळसा खाणींवर जगणाऱ्या कुटुंबातली. ब्लूग्रास हा तोवर बापयांचा कारभार होता, त्यात दोन बायकांनी स्वतः पुढे उभं राहून गायलेला हा अल्बम. तिचा आवाज गोड नाही, आणि तो तसा नाही हेच त्याचं बळ.

कंट्री-रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण कंट्री संगीताचा आणि रॉकचा मेळ. त्याची गोष्ट वेगळ्या गावात सुरू होते. लॉस एंजेलिस आणि आसपास. १९६०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कॉलेजवयीन पोरांत ब्लूग्रासचं वेड होतं. सॅन डिएगोत मंडोलिन वाजवणारा ख्रिस हिलमन पुढे द बर्ड्स या रॉक बँडमध्ये बास वाजवायला गेला. बासला त्याने तोवर हातही लावला नव्हता. १९६८ च्या सुरुवातीला बर्ड्समध्ये ग्रॅम पार्सन्स आला: दक्षिणेतल्या जॉर्जियात वाढलेला, घरचा श्रीमंत, हार्वर्डमध्ये काही महिने काढून आलेला आणि कंट्री संगीताने झपाटलेला. तोवर जागतिक कीर्तीचा असलेला हा बँड त्याच्या नादाने नॅशव्हिलला गेला आणि 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' (ऑगस्ट १९६८) तयार झाला.

त्या धाडसाचा अर्थ कळायला ते साल डोळ्यांसमोर हवं. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं. लांब केस म्हणजे युद्धविरोधी, आणि कंट्री म्हणजे त्याच्या नेमकं उलट बाजूचं, असा सरळ हिशोब होता. १५ मार्च १९६८ ला बर्ड्स ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर उभे राहिले तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उडाली. कंट्रीतला मोठा गायक मर्ल हॅगर्ड याचं दुसरं गाणं होणार असं सूत्रधाराने जाहीर केलं, आणि पार्सन्सने ऐनवेळी ते बाजूला सारून आपल्या आजीसाठी म्हणून स्वतःचं 'हिकरी विंड' सुरू केलं. आयोजक भडकले. अल्बम बाजारात पडला. बिलबोर्डच्या यादीत ७७ च्या वर गेलाच नाही. तोवर पार्सन्सही बँड सोडून गेला होता. वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याला येणार नाही, हे त्याने दिलेलं कारण.

'स्वीटहार्ट'चं ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद. पण खरं सांगायचं तर मला तो थोडा सोवळ्यातला वाटतो. पाहुण्याच्या घरी जपून वावरणाऱ्या माणसांचा अल्बम. आधीच्या एका कंपनीशी असलेल्या कराराच्या भांडणामुळे पार्सन्सची काही गाणी ऐनवेळी दुसऱ्या आवाजात घ्यावी लागली, हेही जाणवतं. नंतरच्या वाढीव आवृत्तीत त्याचे मूळ आवाज आहेत, तीच ऐका.

सोवळं सुटतं ते पुढच्या अल्बमवर. पार्सन्स आणि हिलमन यांनी मिळून द फ्लाइंग बरिटो ब्रदर्स काढला आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' आणला. एकच कंट्री-रॉक अल्बम ऐकणार असाल तर हा. कव्हरवर चौघं हॉलिवुडचे प्रसिद्ध शिंपी नूडी यांच्या दुकानातले भरजरी सूट घालून उभे. कंट्री गायकांचा तो पारंपरिक पेहराव, फक्त पार्सन्सच्या सुटावर कशिदा गांजाच्या पानांचा आणि गोळ्यांचा. संगीतातही तोच खोडसाळपणा. मेम्फिसची दोन सोल गाणी त्यांनी कंट्रीच्या सुरात म्हटली, आणि ती तिथलीच वाटतात.

आणि पेडल स्टील. या वाद्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण कंट्री-रॉकचा अर्धा रंग त्याचा आहे. टेबलासारखी आडवी गिटार, बहुधा दहा तारांची. डाव्या हातात पोलादी कांडी. खाली पायाशी पेडलं आणि गुडघ्याशी तरफा. त्या दाबल्या की ठरावीक तारांचा सूर चढतो किंवा उतरतो, बाकीच्या जागच्या जागी. त्यामुळे तीन सुरांच्या गुच्छातला एकच सूर हळूच सरकून दुसरीकडे जातो आणि सगळ्या गुच्छाचा भाव बदलतो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ही गोष्ट लगेच पटते. बरिटोंचा स्टीलवादक स्नीकी पीट क्लाइनो याचा मूळ धंदा चित्रपटांतल्या ॲनिमेशनचा. त्याने हे हळवं वाद्य फझबॉक्समधून काढून इलेक्ट्रिक गिटारसारखं खरखरीत केलं. अल्बमच्या डाव्या-उजव्या कानात काय चाललंय ते हेडफोनवर ऐका. कुणी कुणाला विचारून वाजवतंय असं वाटतच नाही, आणि तरी बसतं.

पार्सन्सचे स्वतःच्या नावावर दोनच अल्बम. 'जीपी' (१९७३) आणि 'ग्रीव्हस एंजल' (१९७४). दुसरा निघायच्या आधीच, १९ सप्टेंबर १९७३ ला, जोशुआ ट्री इथल्या मोटेलमध्ये मॉर्फिन आणि दारूने त्याचा जीव गेला. वय २६. मित्रांनी विमानतळावरून शवपेटी पळवून वाळवंटात पेटवली, हा किस्सा गाण्यांपेक्षा जास्त सांगितला जातो आणि त्याचा मला कंटाळा आहे. या अल्बमांवर ऐकायचं ते एमिलू हॅरिसचं गाणं. पार्सन्सचा आवाज कच्चा, कडांना फाटणारा. ती तो फाटू देते आणि बाजूने आपला सूर सरळ ठेवते. मागे गिटारवर एल्विसच्या बँडमधला जेम्स बर्टन.

बाकीचे भराभर सांगतो. 'द फँटास्टिक एक्स्पिडिशन ऑफ डिलार्ड अँड क्लार्क' (१९६८): बर्ड्समधून फुटलेला जीन क्लार्क, बँजोवर डग डिलार्ड, आणि सोबत तोच आपला बर्नी लेडन. यातलं 'ट्रेन लीव्हज हिअर धिस मॉर्निंग' लेडनने ईगल्सच्या पहिल्या अल्बमवर पुन्हा घेतलं. दोन्ही लागोपाठ ऐका. मला जुनं आवडतं. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचे १९७० सालचे 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी'. डिलनचा 'नॅशव्हिल स्कायलाइन' (१९६९) गोड आहे, छोटा आहे, आणि कुणीही ऐकवायची वाट न बघता तुमच्या कानावर येईलच.

आता मधला पूल, किंवा सरळ म्हणायचं तर माझी पहिली शिफारस. 'विल द सर्कल बी अनब्रोकन', १९७२, तीन एलपींचा संच.

निटी ग्रिटी डर्ट बँड ही कॅलिफोर्नियातली लांब केसांची पोरं. १९७० सालच्या अल्बमवर त्यांनी 'रँडी लिन रॅग' वाजवलं होतं. नंतर नॅशव्हिलमधल्या त्यांच्या कार्यक्रमाला खुद्द स्क्रग्ज कुटुंबासह आला. स्क्रग्ज तेव्हा फ्लॅटपासून वेगळा झाला होता. फ्लॅटला जुन्या वाटेनेच जायचं होतं, स्क्रग्जला मुलांबरोबर नवं काही करायचं होतं. १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये युद्धविरोधी मोर्चात जाऊन वाजवणारा तो नॅशव्हिलच्या मोजक्या लोकांतला एक. पोरांबरोबर रेकॉर्ड करायला त्याने होकार दिला आणि मग त्याच्या शब्दावर जुन्या पिढीतले बाकीचे नामवंत आले: मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन, रॉय एकफ. मन्रोने नकार दिला. एकफ हा कंट्रीतला बुजुर्ग. या दाढीवाल्यांबद्दल त्याला बऱ्याच शंका होत्या. आला, ऐकलं, आणि गायला. पहिलाच टेक चांगला यायला हवा, पुढे पुढे काहीतरी निसटत जातं, हे त्याने पोरांना सुनावलं तेही रेकॉर्डवर आहे.

ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७१ मध्ये नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत, सहा दिवसांत. सगळे एकत्र बसून, थेट दोन ट्रॅकवर. म्हणजे नंतर एखादं वाद्य मोठं-छोटं करायला वावच नाही, जे वाजलं ते वाजलं. गाण्यांच्या मधली बोलणीही तशीच ठेवली आहेत, आणि या अल्बमचा जीव त्यात आहे. डॉक वॉटसन, नॉर्थ कॅरोलायनाचा अंध गिटारवादक, मर्ल ट्रॅव्हिसला आयुष्यात पहिल्यांदा इथे भेटतो. वॉटसनने आपल्या मुलाचं नाव मर्ल ठेवलं होतं ते या माणसावरून. हे तो त्याला सांगतो, टेप चालू असताना. मग दोघं कोण कुठली पट्टी धरणार वगैरे किरकोळ बोलतात आणि वाजवायला लागतात. आजूबाजूला बसलेली पोरं गप्प आहेत, हेसुद्धा ऐकू येतं.

शेवटची रचना एकट्या गिटारवर: जोनी मिचेलचं 'बोथ साइड्स नाऊ'. वाजवणारा रँडी स्क्रग्ज. होय, तोच रँडी लिन.

यानंतरची तीन-चार वर्षं माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची सर्वांत सुपीक. ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया मूळचा बँजोवाला. १९६४ साली मन्रोच्या बँडमध्ये शिरायला मिळेल या आशेने तो कॅलिफोर्नियाहून निघाला, मन्रोसमोर पोचलाही, पण विचारायचा धीर झाला नाही, असं सांगतात. १९७३ साली त्याने ती हौस 'ओल्ड अँड इन द वे' या बँडमध्ये भागवून घेतली. गार्सियाचा बँजो, डेव्हिड ग्रिसमनची मंडोलिन, गायला पीटर रोवन आणि फिडलवर व्हॅसर क्लेमेंट्स. शेवटचे दोघे मन्रोच्या बँडमध्ये तालीम झालेले. ऑक्टोबर १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या मैफलींचं मुद्रण १९७५ मध्ये अल्बम म्हणून आलं. गार्सियाचा बँजो जेमतेम आहे. क्लेमेंट्सचं फिडल मात्र थेट ब्लूज बोलतं. रॉक ऐकणाऱ्याला ब्लूग्रासमध्ये आणायला याहून सोपी वाट नाही.

त्याच वर्षी दुसरा, चोख अल्बम: 'जे. डी. क्रो अँड द न्यू साउथ'. जाणकार त्याला नावाने न ओळखता राउंडर कंपनीच्या क्रमांकाने ओळखतात, '००४४'. बँजोवर क्रो, गिटार आणि गाणं टोनी राइस, मंडोलिन रिकी स्कॅग्ज, डोब्रो जेरी डग्लस. ही मंडळी एकत्र वर्षभरही टिकली नाहीत. पण आजचा कुठलाही ब्लूग्रास बँड ऐका, तो वेळ कसा धरतो, गिटार कशी पुढे आणतो, ते इथून आलंय. 'ओल्ड होम प्लेस' ऐकताना राइसच्या उजव्या हाताकडे लक्ष ठेवा. तो मात्रेच्या किंचित पुढे असतो, आणि घाई मात्र कुठेच वाटत नाही.

राइसच्या गिटारची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३५ ची मार्टिन डी-२८, मधलं भोक कोरून मोठं केलेलं. ती आधी क्लॅरेन्स व्हाइटची. व्हाइटने 'ॲपलाशियन स्विंग!' (१९६४) या केंटकी कर्नल्सच्या अल्बमवर दाखवून दिलं की ब्लूग्रासमध्ये गिटारसुद्धा बँजोइतकी पुढे येऊन चाल घेऊ शकते. तोच पुढे बर्ड्समध्ये गेला. तिथल्या ड्रमरबरोबर त्याने असं यंत्र बनवलं की इलेक्ट्रिक गिटारची मान खाली दाबली की पट्ट्याला जोडलेली तरफ एक तार ओढते आणि पेडल स्टीलचा भास होतो. जुलै १९७३ मध्ये कार्यक्रमानंतर गाडीत सामान भरताना एका मद्यधुंद चालकाने त्याला उडवलं. पार्सन्स गेला त्याच्या दोन महिने आधी. लहानपणी कॅलिफोर्नियात व्हाइटला ऐकून भारावलेल्या राइसने ती गिटार पुढे शोधून विकत घेतली. त्याचा 'मँझनिटा' (१९७९) तिच्यासाठी ऐका. त्यात बँजोच नाही, आणि तरी तो ब्लूग्रास नाही असं म्हणायची हिंमत कुणी करत नाही.

वॉशिंग्टनचा सेल्डम सीन हा बँड मला माणसांमुळे आवडतो. एक सर्जन, एक गणितज्ञ, एक नकाशे काढणारा, एक जाहिरातींचा चित्रकार; नोकऱ्या सांभाळून आठवड्यातून एकदा वाजवायचे. त्यांचा 'लाइव्ह ॲट द सेलर डोअर' (१९७५) पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही परका वाटत नाही.

आणि वर्तुळ जुळतं ते एमिलूकडे. पार्सन्स गेल्यावर तिने कंट्रीत नाव कमावलं, रिकी स्कॅग्जला बँडमध्ये घेतलं आणि १९८० साली 'रोझेस इन द स्नो' हा बहुतांशी ब्लूग्रासचा अल्बम काढला. स्कॅग्ज, राइस, डग्लस, म्हणजे ००४४ चा निम्म्याहून जास्त संच. यात सायमन अँड गारफंकेलचं 'द बॉक्सर' आहे. ते गाणं तुम्हाला पाठ असेल, त्यामुळे ब्लूग्रासची वाद्यं एखाद्या गाण्याचं काय करतात ते इथे अगदी वेगळं काढून दिसेल.

आपल्याकडचा एक धागाही जेरी डग्लसच्याच हातात आहे. डोब्रो काय आणि आपल्याकडची आडवी वाजवायची गिटार काय, दोघींचं मूळ हवाईयन गिटार. १९९५ साली डग्लस, बासवादक एडगर मेयर आणि विश्वमोहन भट यांनी 'बर्बन अँड रोझवॉटर' केला. बँजोवादक बेला फ्लेक आणि मेयर यांनी पुढे मुंबईच्या झाकीर हुसेनना गाठलं. बासरीवादक राकेश चौरसियांना घेऊन केलेल्या 'ॲज वी स्पीक' (२०२३) ला दुसऱ्या वर्षी ग्रॅमी मिळालं. त्याला ब्लूग्रास म्हणता येणार नाही. पण तबल्यावरच्या तिहाईशेजारी स्क्रग्जचे तीन-तीन-दोन ऐकायचे असतील तर जागा हीच.

क्रम विचाराल तर: पहिल्यांदा 'सर्कल', तोही तुकड्यातुकड्यांत, बोलण्यांसकट. रॉकचा कान असेल तर त्यानंतर 'ओल्ड अँड इन द वे' आणि 'गिल्डेड पॅलेस'. वाद्यांची ओढ असेल तर ००४४ आणि 'फॉगी माउंटन जँबोरी'. गाण्याची ओढ असेल तर 'ग्रीव्हस एंजल' आणि लगेच स्टॅनली बंधू. मन्रोला मुद्दाम शेवटी ठेवलंय. १९४६ चं मुद्रण पहिल्यांदा ऐकलं तर ते जुनाट वाटतं. बाकीचं ऐकून झाल्यावर लावलं की यातली कुठली गोष्ट कुणी उचलली ते जागोजागी सापडायला लागतं.